हार्लेमच्या दोन शिक्षिका

१९२५च्या मार्च महिन्यात 'सर्व्हे ग्राफिक' या न्यू यॉर्कच्या मासिकाने आपला संपूर्ण अंक एका वस्तीला वाहिला. समाजकार्यकर्ते, शिक्षक, सुधारक असा या मासिकाचा बहुतांशी गोरा वाचकवर्ग होता. आणि वस्ती होती मॅनहॅटनच्या उत्तर भागातले कृष्णवर्णीयांचे हार्लेम. अंकात कथा-कविता होत्या, समाजशास्त्रीय लेख होते आणि पेस्टल खडूंनी काढलेल्या व्यक्तिचित्रांचे संच होते. त्यांतल्या एका चित्रात दोन स्त्रिया शेजारी शेजारी बसल्या आहेत. पोशाख साधा, चेहऱ्यावर हसू नाही, नजर गंभीर. मथळा एवढाच, की या सार्वजनिक शाळेतल्या दोन शिक्षिका आहेत. या चित्रात कोणाला दुखावणारे काही असेल, असे आज पाहणाऱ्याच्या मनातही येणार नाही. पण त्यावरून वाद पेटला, आणि तो गोऱ्यांनी नव्हे, तर हार्लेमच्या सुशिक्षितांनी पेटवला.

चित्रकार होते विनोल्ड राईस. ते जर्मनीतून बारा वर्षांपूर्वी आलेले, गोरे स्थलांतरित होते. त्यांची चित्रे आणि हा वाद या दोहोंतून एक प्रश्न उभा राहतो: ज्यांना शतकानुशतके विद्रूप करून दाखवले गेले, त्यांचे खरे चित्र कोणते, आणि ते खरे आहे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? या लेखात मी त्या प्रश्नाचा माग काढणार आहे.

मराठी वाचकाला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची कहाणी परकी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते विद्यापीठ हार्लेमला लागूनच आहे. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे साहित्य मराठीत आणले. पण आपल्याकडे आले ते मुख्यतः शब्द. चित्रे फारशी आली नाहीत. ज्या दु बॉइसना बाबासाहेबांनी पत्र लिहिले, त्यांचा चेहरा राईस यांनी खडूंनी रंगवला होता, ही गोष्ट आपल्या लेखनात क्वचितच आढळते.

राईस यांचा जन्म १८८६ साली जर्मनीतल्या कार्ल्सरूह या गावी झाला. वडील फ्रिट्झ राईस हेही चित्रकार. काळ्या अरण्याच्या, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या, प्रदेशातले शेतकरी, त्यांचे पोशाख, त्यांची घरे हा त्यांचा आवडीचा विषय. शेतकऱ्याचा चेहरा राजपुत्राच्या चेहऱ्याइतकाच काळजीने रंगवण्याजोगा असतो, हा संस्कार मुलावर तिथेच झाला असावा. त्याचबरोबर दुसराही एक संस्कार झाला असावा, आणि तो पुढच्या वादाला कारणीभूत ठरला: माणसाकडे त्याच्या लोकसमूहाचा नमुना म्हणून पाहण्याचा. म्युनिकमध्ये त्यांनी फ्रान्झ फॉन श्टुक आणि युलिउस डीत्स यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. एकीकडे व्यक्तिचित्रण, दुसरीकडे भित्तिपत्रके आणि सजावटीची उपयोजित कला अशी दोन्ही अंगे त्यांच्यात आली.

त्या काळच्या असंख्य जर्मन मुलांप्रमाणे त्यांनीही कार्ल माय यांच्या कादंबऱ्या वाचल्या होत्या. अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या रोमांचक कथांसाठी माय प्रसिद्ध होते. ती ओढ मनात घेऊन राईस १९१३च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कला उतरले. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि १९१७ साली अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली. जर्मन असणे हाच संशयाचा विषय झाला. शाळांमधून जर्मन भाषा काढून टाकली गेली, आंबवलेल्या कोबीच्या जर्मन पदार्थाचे नाव बदलून 'लिबर्टी कॅबेज' केले गेले. राईस पोटासाठी उपाहारगृहांची आणि दुकानांची अंतर्गत सजावट करत राहिले, शिकवत राहिले. मूलनिवासींकडे जाण्याचा योग आला तो १९२० साली. मोंटाना राज्यातल्या ब्राउनिंगला जाऊन त्यांनी ऐन हिवाळ्यात ब्लॅकफीट जमातीच्या लोकांची चित्रे काढली. त्याच वर्षी ते मेक्सिकोलाही जाऊन आले.

इथे स्थलांतरित या शब्दाचे दोन अर्थ लक्षात घ्यायला हवेत. त्या काळी अमेरिकेचे नागरिकत्व मिळवण्यासाठी परक्या माणसाला 'गोरा' किंवा आफ्रिकी वंशाचा ठरावे लागे. १९२३ साली भगतसिंग थिंद या भारतीयाचा नागरिकत्वाचा दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, कारण न्यायालयाच्या मते सामान्य माणूस भारतीयाला 'गोरा' समजत नाही. राईस यांच्यापुढे ही भिंत नव्हती. युद्धकाळात ते संशयित असले, तरी युद्ध संपताच पुन्हा गोऱ्यांत जमा होणार होते. हार्लेममधले लोकही एका अर्थाने स्थलांतरितच होते. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून, कर्जातून आणि झुंडीच्या हत्यांतून सुटून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांत आले होते. युद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले, कारखान्यांना हात हवे होते. त्यामुळे हे दार काहीसे उघडले. कॅरिबियन बेटांवरूनही हजारो लोक आले. पण त्यांचा रंग त्यांच्यासोबत आला आणि तो कुठलाही तह झाल्याने पुसला जाणार नव्हता.

या नव्या शहरी समाजातून लेखक, गायक, विचारवंतांची पिढी उभी राहत होती. २१ मार्च १९२४ रोजी न्यू यॉर्कच्या सिव्हिक क्लबमध्ये या तरुण लेखकांच्या सन्मानार्थ एक भोजनसमारंभ झाला. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स एस. जॉन्सन यांनी तो घडवून आणला होता. तिथे आलेले 'सर्व्हे ग्राफिक'चे संपादक पॉल केलॉग इतके प्रभावित झाले, की त्यांनी हार्लेमवर विशेषांक काढायचे ठरवले आणि त्याचे संपादन अलेन लॉक यांच्याकडे सोपवले. लॉक हे हॉवर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. ऑक्सफर्डनंतर ते काही काळ बर्लिनलाही शिकले होते. चित्रकार निवडताना राईस यांचे नाव पुढे आले, कारण त्यांची मेक्सिकोतली चित्रे याच मासिकाने १९२४च्या मे महिन्यात छापली होती.

अंकाच्या मुखपृष्ठावर राईस यांनी गायक रोलंड हेज यांचा चेहरा काढला. आत एका संचाला नाव होते 'हार्लेमचे नमुने'. त्यात आई आणि मूल होते, बॉय स्काउटचा गणवेश घातलेला मुलगा होता, एक स्त्री वकील होती, कॉलेजचा विद्यार्थी होता, पांढऱ्या ब्लाउजमधली मुलगी होती. दुसऱ्या संचात चार चित्रे स्त्रियांची होती: व्हर्जिन बेटांवरून आलेली एक स्त्री, एक ग्रंथपाल, त्या दोन शिक्षिका आणि एलिस जॉन्सन मॅकडूगल्ड. मॅकडूगल्ड स्वतः शिक्षणक्षेत्रातल्या. कृष्णवर्णीय स्त्रीला वंशासाठी आणि स्त्री म्हणून असा दुहेरी लढा लढावा लागतो, हे मांडणारा त्यांचा लेख याच अंकात आहे. स्त्री असणे आणि पददलित असणे यांची ही सांगड त्यांनी शंभर वर्षांपूर्वी घातली होती, हे आपल्याकडच्या वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावे.

राईस यांची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. पांढऱ्या बोर्डावर ते चेहरा आणि हात पेस्टलने पूर्ण रंगवत. तपकिरी रंगाच्या किती छटा असाव्यात! कुठे गेरूची झाक, कुठे जांभळट सावली, कुठे कपाळावर जवळजवळ सोनेरी उजेड. कपडे मात्र नुसत्या रेषांत सोडून देत. लॉक यांच्या चित्रात कोट म्हणजे पांढऱ्या जागेवर ओढलेल्या काही रेघा आहेत. मागे खोली नाही, खिडकी नाही, सामान नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला सुटका नसते. माणसाची श्रीमंती वा गरिबी कपड्यांवरून, सामानावरून जोखण्याची आपली सवय इथे निरुपयोगी होते. उरतो फक्त चेहरा, आणि चेहऱ्यात त्वचेचा रंग. जो रंग लपवायचा, सौम्य करायचा, त्याबद्दल बोलायचे नाही असा रिवाज होता, तोच राईस यांनी मध्यभागी आणून ठेवला.

नेमके हेच काहींना सहन झाले नाही. त्यामागचा इतिहास समजून घेतला नाही, तर त्यांच्यावर अन्याय होईल. एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे प्रयोग करत, आणि ते तुफान लोकप्रिय होते. करियर अँड आइव्हज या प्रसिद्ध छपाई कंपनीने कृष्णवर्णीयांची हास्यास्पद चित्रे घरोघरी पोचवली. १९१५च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटाने कृष्णवर्णीय पुरुषाला राक्षस करून टाकले. जाड ओठ, वटारलेले डोळे, गडद काळा रंग: छापील पानावर काळा चेहरा दिसला, की पुढे अपमान येणार हा पिढ्यांचा अनुभव होता. म्हणून आपले चित्र छापायचे तर ते उजळ हवे, टापटीप हवे, गोऱ्या सौंदर्यकल्पनेच्या जवळ जाणारे हवे, असे वाटणे अस्वाभाविक नव्हते. त्यातच समाजाच्या आतही रंगाची उतरंड होती. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत त्वचा उजळवण्याच्या मलमांच्या जाहिराती येत. 'गोरी, सडपातळ वधू पाहिजे' अशा जाहिराती वाचत वाढलेल्या आपल्याला ही उतरंड वेगळी समजावून सांगायला नको.

राईस यांच्या चित्रांचे प्रदर्शन हार्लेममध्येच, १३५व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयात मांडले होते. तिथे झालेल्या चर्चेचा वृत्तान्त मॅकडूगल्ड यांनी लॉक यांना पत्राने कळवला, म्हणून तो आज आपल्याला उपलब्ध आहे. एका गृहस्थांनी उठून शंका काढली, की ही सारी चित्रे म्हणजे गोऱ्या वाचकाचे मन आपल्याविरुद्ध कलुषित करण्याचा छुपा डाव तर नाही? त्या दोन शिक्षिका रस्त्यात भेटल्या तर आपल्याला त्यांची भीती वाटेल, असेही ते म्हणाले. त्या दोघींपैकी एक बाई त्या वेळी सभागृहातच बसल्या होत्या. योग्य वेळ पाहून त्या उभ्या राहिल्या. आपली भीती वाटावी याबद्दल त्यांनी त्या गृहस्थांकडे खेद व्यक्त केला, आणि चित्र मात्र आपल्याशी चांगलेच जुळते, असे सांगितले.

या उत्तरात किती गोष्टी आहेत! राग आहे, पण तो विनोदात विरघळला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चित्र खरे की खोटे याचा निवाडा त्यांनी समीक्षकाकडून, संपादकाकडून आणि समाजाच्या प्रतिष्ठितांकडून काढून स्वतःकडे घेतला. गृहस्थ बोलत होते ते 'आपल्या लोकांची' प्रतिमा गोऱ्यांना कशी दिसेल याविषयी. बाई बोलत होत्या स्वतःच्या चेहऱ्याविषयी. दिवसभर वर्गात उभे राहणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरचे गांभीर्य त्यांना ओळखीचे वाटले. गृहस्थांना ते भयंकर वाटले, कारण त्यांनी ते गोऱ्या वाचकाच्या डोळ्यांनी पाहिले.

लॉक यांनी १९२५च्या मे महिन्यात 'ऑपॉर्च्युनिटी' या नियतकालिकात लेख लिहून टीकाकारांना उत्तर दिले. त्यांना अरसिक म्हणायलाही ते कचरले नाहीत. त्यांचा रोख असा, की आपण पूर्वग्रहाविरुद्ध लढतो, पण सौंदर्याच्या बाबतीत मात्र तोच पूर्वग्रह मनात बाळगून आहोत. युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही मला लॉक यांच्या उत्तरापेक्षा बाईंचे उत्तर अधिक पटते. लॉक आपल्या समाजाला रुची शिकवू पाहत होते. बाईंना कोणाला काही शिकवायचे नव्हते, त्यांना फक्त स्वतःला नाकारायचे नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता: हे काम गोऱ्या माणसाकडे का? कृष्णवर्णीय कलावंत नव्हते असे नाही. पण १९२३ साली शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज यांना फ्रान्समधल्या फाँतेनब्लो इथल्या उन्हाळी कलाशाळेत केवळ त्यांच्या वर्णामुळे प्रवेश नाकारला गेला होता. ज्यांना शिकण्याचे दार बंद, त्यांना पुढे 'तुमच्यात तयारीचा माणूस नाही' म्हणून कामही मिळायचे नाही, हे चक्र आपल्याला ओळखीचे आहे. राईस यांच्या निवडीचा फायदा हार्लेमला झाला, पण ती निवड एका अन्यायाच्या पायावर उभी होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

याचे थोडे परिमार्जन झाले ते एका शिष्याच्या रूपाने. ॲरन डग्लस हा कॅन्ससमध्ये जन्मलेला तरुण कॅन्सस सिटीच्या शाळेत चित्रकला शिकवत होता. 'सर्व्हे ग्राफिक'चा तो अंक आणि त्यावरचे राईस यांचे मुखपृष्ठ पाहून तो हार्लेमला यायला उद्युक्त झाला. राईस यांच्या कलाशाळेत वर्णभेद पाळला जात नसे. त्यांनी डग्लसला शिष्यवृत्ती देऊन ठेवून घेतले आणि आफ्रिकी कलेच्या वारशाकडे वळायला सांगितले. एका जर्मनाने कृष्णवर्णीय तरुणाला 'तुझ्या आफ्रिकेकडे पाहा' असे सांगावे, यात थोडा विनोद आहे हे खरे. पण डग्लसने त्या सल्ल्यातून स्वतःची भाषा घडवली. राईस यांच्या रंगीत चेहऱ्यांच्या जागी त्याने सपाट छायाकृती आणल्या, एकात एक मिसळणारी प्रकाशाची वर्तुळे आणली. १९३४ साली त्याने त्याच १३५व्या रस्त्यावरच्या ग्रंथालयासाठी आफ्रिकेपासून अमेरिकन शहरापर्यंतचा कृष्णवर्णीयांचा प्रवास दाखवणारी भव्य चित्रमालिका रंगवली. जिथे राईस यांच्या चित्रांवरून वाद झाला, तिथेच ही मालिका लागली.

हार्लेमचा अंक चाळीस हजारांवर प्रती खपला. त्याचा विस्तार करून लॉक यांनी वर्षाअखेरीस 'द न्यू निग्रो' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. 'निग्रो' हा शब्द तेव्हा ते लोक स्वतःसाठीच अभिमानाने वापरत, म्हणून इथे नाव तसेच ठेवले आहे. ग्रंथात राईस यांची व्यक्तिचित्रे रंगीत छापली गेली: लॉक, दु बॉइस, कवी काउंटी कलन, कादंबरीकार जीन टूमर, नट आणि गायक पॉल रोबसन, शिक्षणकार्यकर्त्या मेरी मॅक्लाउड बेथ्यून. हा ग्रंथ त्या चळवळीचा जाहीरनामाच ठरला. पण पुढच्या पुनर्मुद्रणांतून ही रंगीत पाने गळत गेली. विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी लेख वाचले, चेहरे पाहिलेच नाहीत.

या चित्रांकडे पाहताना एक गोष्ट खटकत राहते. प्रसिद्ध माणसांच्या चित्राखाली नाव आहे. सामान्यांच्या चित्राखाली बहुतेकदा फक्त भूमिका आहे: आई, ग्रंथपाल, शिक्षिका, विद्यार्थी. लॉक यांनी राईस यांचा गौरव करताना त्यांना कुंचला घेतलेले लोकविद्येचे अभ्यासक ठरवले होते. व्यक्तीच्या मागे दडलेला लोकसमूहाचा स्वभाव ते शोधतात, असे म्हटले होते. ही स्तुती आहे, आणि त्यांच्या दृष्टीची मर्यादाही. १९२७ साली राईस साउथ कॅरोलायनातल्या सेंट हेलेना बेटावर गेले आणि गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या वंशजांची सुंदर चित्रे त्यांनी काढली, तेव्हाही ही दृष्टी त्यांच्यासोबत होतीच. ब्लॅक फॉरेस्टचा शेतकरी, मोंटानाचा ब्लॅकफीट, हार्लेमची शिक्षिका: साऱ्यांकडे त्यांनी आदराने पाहिले, पण आधी समूह पाहिला आणि मग माणूस. तरी त्यांच्या हाताने डोळ्यांवर मात केली असे मला वाटते. कारण 'नमुना' काढायला बसलेला हात प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबला, आणि एकही चेहरा दुसऱ्यासारखा झाला नाही.

राईस १९५३ साली वारले. त्यांच्या अस्थी ब्लॅकफीट लोकांनी मोंटानात विखुरल्या. हयातीच्या अखेरीस त्यांनी हार्लेमकाळातली बरीच चित्रे नॅशव्हिलच्या फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाला दिली. तिथे कलाविभागाचे प्रमुख होते ॲरन डग्लस, आणि अध्यक्ष होते १९२४चा भोजनसमारंभ घडवून आणणारे चार्ल्स एस. जॉन्सन. लॉक, दु बॉइस, लँग्स्टन ह्यूज यांची चित्रे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहेत. ह्यूज यांच्या चित्रात तरुण कवी हनुवटीला हात लावून विचारात बसला आहे, समोर वही उघडी आहे आणि मागे निळ्या रंगात शहर उमलते आहे.

ज्यांची नावे इतिहासात आहेत, त्यांना चित्राची फारशी गरज नसते. चित्राची गरज असते ती त्या दोन शिक्षिकांना, त्या बॉय स्काउटला, त्या आईला. त्यांच्यापुरता तोच पुरावा. पण पुरावा परक्याने तयार केलेला असला, तर त्यावर कोणाची तरी सही लागते. मे १९२५मध्ये लॉक यांनी वाद मिटवण्यासाठी अनेक पाने लिहिली. खरी सही मात्र त्याआधी ग्रंथालयाच्या सभेत झाली होती, जेव्हा एक शिक्षिका खुर्चीवरून उठून म्हणाल्या, की हे चित्र माझ्यासारखेच आले आहे.